सातच्या तालात माणसं हरवतात का?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही चौघं पुण्यात बँड चालवतो. माझी गिटार, शिवाय बेस, ड्रम्स आणि कीबोर्ड. गायक नाही, आणि तो नसावा हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. सगळं स्वतःचंच वाजवतो. गेल्या पावसाळ्यात चार महिने खपून आम्ही अकरा मिनिटांची एक रचना बसवली. सुरुवात सेव्हन-एटमध्ये, म्हणजे सात अर्ध्या मात्रांच्या तालात, मग पाच, मग नऊ, आणि मध्ये तीनदा पट्टी बदलते. एका कॉलेजच्या कार्यक्रमात ती वाजवली. एकही चूक झाली नाही. पण अर्ध्यातच लोकांनी मोबाइल काढले, मागच्या रांगा उठून चहाला गेल्या. वेळ उरला म्हणून, रिहर्सलच्या आधी हात मोकळे करायला आम्ही चार कॉर्डचं जे काही वाजवतो ते वाजवलं, तर तीच माणसं डोलायला लागली. 'पुन्हा वाजवा' म्हणून ओरडली. तेव्हापासून रोज वाद. ड्रमर मेशुगा या बँडचा भक्त. तो म्हणतो, लोकांना कळत नसेल तर तो लोकांचा प्रश्न, सोपंच वाजवायचं तर दुसरा ड्रमर बघा. बेसवाला म्हणतो, सगळंच त्या चार कॉर्डसारखं करू या. कीबोर्डवाली गप्प आहे. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. दोन्ही रेकॉर्डिंग सोबत जोडली आहेत. सोपं आणि अवघड यांचा मेळ कसा घालायचा?

— चौघांतला एक, पुणे

उत्तर

मित्रा,

दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. आधी हेडफोन लावून, मग घरातली कामं करता करता लहान स्पीकरवर, कारण बहुतेक लोक संगीत असंच ऐकतात, अर्धं लक्ष देऊन. तुमच्या वादात चौघंही एक गोष्ट धरून चालला आहात : अकरा मिनिटांची रचना अवघड आणि चार कॉर्डची सोपी. मला ते मान्य नाही, आणि तिथूनच सुरुवात करते.

चार कॉर्डचा तुकडा आधी घेऊ. ए मायनर, एफ, सी, ई मायनर, आणि पुन्हा पहिल्यापासून. पण तुमची कीबोर्डवाली काय करतेय ते तू नीट ऐकलंस का? वरच्या सप्तकात ती एकच ई धरून बसली आहे. कॉर्ड बदलत राहतात, तो स्वर जागचा हलत नाही. आता प्रत्येक कॉर्डच्या मूळ स्वराला सा मानून बघ. तोच ई ए मायनरवर पंचम होतो, एफवर शुद्ध निषाद, सीवर गंधार आणि ई मायनरवर थेट षड्ज. बोट न उचलता एका स्वराची चार रूपं. एफवर तो जरा टोचतो, सीवर निवतो, ई मायनरवर घरी येतो. त्यात तिसऱ्या फेरीत बेसवाला सी कॉर्डखाली सी न वाजवता खालचा जी धरतो, त्यामुळे ती कॉर्ड टेकत नाही, पुढे ढकलली जाते. हे ठरवून केलं असेल किंवा हात गेला तिकडे गेला असेल. काहीही असो, हे सोपं नाही. ऐकणाऱ्याला फक्त एवढंच जाणवतं की तेच तेच चाललंय आणि तरी कंटाळा येत नाही.

अवघडपणा तिथे आहे, पण एकाच जागी. ठेका स्वच्छ आहे, तुझी चाल पाच स्वरांची आणि कुणालाही गुणगुणता येईल अशी. म्हणून तो अवघडपणा ऐकणाऱ्याच्या अंगावर येत नाही.

आता मोठी रचना. साडेचार मिनिटांच्या आसपास तू गिटारवर एक चाल घेतोस, वर चढून कोमल निषादावर रेंगाळणारी. फार सुंदर आहे ती. तुमच्या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली जागा तीच. वीसेक सेकंद ती वाजते आणि मग पुन्हा कधीही येत नाही. आणि त्या वीस सेकंदांत काय काय चाललंय? कीबोर्डवर वेगळीच द्रुत चाल धावतेय, बेस खाली तिसरंच काही रचतोय, आणि ड्रमर प्रत्येक बारच्या (आवर्तनाच्या) शेवटी एक फिल, म्हणजे भरणीचा तुकडा, टाकतोय. चौघंही एकदम बोलताय. चौघांचंही बोलणं शहाणपणाचं आहे, पण ऐकणाऱ्याने कान कुणाकडे द्यायचा? तो थोडा वेळ प्रयत्न करतो आणि मग खिशातला मोबाइल काढतो. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

गायक नाही ही गोष्ट तुम्ही अभिमानाने सांगता, आणि तो अभिमान मला आवडतो. पण गायक नसला की एक मोठा आधार जातो, त्याचा विचार करायला हवा. गाण्यात शब्द असतात, ध्रुवपद असतं. संगीत संयोजन कितीही गुंतागुंतीचं असलं तरी ऐकणारा शब्दांचं बोट धरून चालत राहतो आणि ध्रुवपद आलं की त्याला कळतं, आपण परत आलो. आपल्याकडे केवळ वाद्यांवरच्या रेकॉर्ड घरोघरी वाजल्या त्या बहुतेक गाण्यांच्या चालींच्या. एनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन, व्हॅन शिपली यांची गिटार. प्रभाकर जोगांच्या 'गाणारं व्हायोलिन'मध्ये तर व्हायोलिनवर शब्द ऐकू येतात असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. जोग गज असा फिरवत की जिथे गायक शब्द तोडेल तिथेच स्वर तुटायचा, जिथे तो मींड घेईल तिथेच मींड. पण ऐकणाऱ्याच्या मनात ते शब्द आधीपासून होते, हा भाग मोठा. तुमच्या रचना नव्या आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काहीच नाही. तेव्हा आधार तुम्हालाच द्यावा लागणार, आणि तो सुरातून किंवा ठेक्यातून द्यावा लागणार.

हा आधार कसा द्यायचा हे आपल्या संगीताने फार पूर्वी सोडवून ठेवलं आहे. तबल्याचं एकलवादन आठव. तासभर केवळ तबला. पेशकार, कायदे, रेले, गती, चक्रदार. त्यातलं गणित तुमच्या सेव्हन-एटपेक्षा कितीतरी अवघड असतं. आणि शेजारी हार्मोनियमवाला किंवा सारंगिया काय करत असतो? लेहरा. सोळा मात्रांची एक साधी चाल, तीच, तशीच, पुन्हा पुन्हा. तो मध्येच हुशारी दाखवायला लागला तर तबलजी त्याच्याकडे डोळे वटारून बघेल. लेहरा आहे म्हणून तबला हवा तेवढा दूर जाऊ शकतो, आणि तबला दूर जातो म्हणून लेहऱ्याचा कंटाळा येत नाही. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवात मांडवात बसलेल्या हजारो लोकांपैकी तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायच्या तुकड्याचा, हिशेब किती जण करू शकतील? फार थोडे. पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आली की सगळा मांडव एकदम दाद देतो. त्यांना लेहऱ्याने घरचा पत्ता दिलेला असतो.

तेव्हा तुमच्या ड्रमरचं 'लोकांना कळत नाही' हे म्हणणं मी मान्य करणार नाही. ज्या शहरातले लोक डिसेंबरच्या थंडीत रात्री शाली गुंडाळून तबला ऐकतात, त्या शहरात हे म्हणू नये.

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच : चौघांपैकी एका वेळी एकानेच दूर जावं, आणि बाकीच्यांपैकी निदान एकाने लेहरा धरावा. कोण जातो आणि कोण धरतो हे दर दोन मिनिटांनी बदला. ड्रमर सातात खेळत असेल तेव्हा तुझी चाल साधी हवी. तू लांबलचक सोलो घेशील तेव्हा बेस आणि ड्रम्सनी जमिनीवर उभं राहावं. पट्टी बदलताना ताल बदलू नका, ताल बदलताना पट्टी बदलू नका. तुमच्या रचनेत नवाच्या तालात शिरताना दोन्ही एकाच क्षणी बदलतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये मागे लोकांची कुजबुज वाढलेली ऐकू येते ती नेमकी त्याच सेकंदाला. ऐकून बघ.

आता सातच्या तालाविषयी. सात मात्रांनी लोक पळाले असं तुम्हाला वाटत असेल तर तो सातवर अन्याय आहे. मराठी माणूस रूपकातली भावगीतं लहानपणापासून गुणगुणतो, आणि त्या सात मात्रा आहेत हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. पाचाचंही तसंच. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन असा. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटने १९५९ साली 'टेक फाइव्ह' रेकॉर्ड केलं ते पाच मात्रांतलं आहे, आणि जॅझमध्ये सर्वांत जास्त विकल्या गेलेल्या सिंगलमध्ये त्याची गणना होते. रचना सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची. ते आज रात्री ऐक, पण सॅक्सोफोन सोडून फक्त पियानो ऐक. ब्रुबेक सुरुवातीपासून दोनच कॉर्डचा एक डुलणारा नमुना वाजवतोय, तीन अधिक दोन, तीन अधिक दोन. ड्रमर जो मोरेलो याचा सोलो येतो तेव्हाही तो पियानो थांबत नाही. मोरेलो मध्ये मध्ये लांबलचक शांतता सोडतो, आघात कुठल्या कुठे नेतो, आणि तरी आपण हरवत नाही, कारण पियानो धरून आहे. लेहराच तो. न्यूयॉर्कच्या स्टुडिओतला.

तेव्हा सात ठेवा. फक्त ऐकणाऱ्याला सात दाखवा. रूपक, झपताल, तीनताल यांच्या ठेक्यात एक सोय आहे, जिचा उपयोग बँडमधले ड्रमर फारसा करत नाहीत : खाली. तीनतालात नवव्या मात्रेपासून खाली सुरू होते, डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि ऐकणाऱ्याला न मोजताच कळतं, अर्धं आवर्तन झालं. रूपकात तर समेलाच खाली. तिं तिं ना, धी ना, धी ना. घुमारा कुठे नाही यावरून माणूस जागा ओळखतो. तुमच्या ड्रमरने सातच्या भागात प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, भरून टाकली आहे, आणि पुन्हा कुठेही क्रॅशची झांज. म्हणजे प्रत्येक मात्रा महत्त्वाची, म्हणजेच कुठलीच नाही. त्याला सांग, सेव्हन-एटच्या दोन बारचं एक आवर्तन धर, पहिल्या बारमध्ये किक घे, दुसऱ्यात किक पूर्ण काढ. फक्त हाय-हॅट आणि स्नेअर. क्रॅश फक्त आवर्तनाच्या सुरुवातीला. दोन आवर्तनं होईपर्यंत शेवटच्या रांगेतला मुलगाही मान हलवायला लागेल, आणि त्याला सात मोजता येत नसेल तरी.

तो मेशुगाचा भक्त आहे ना? मग त्याला त्याच्या देवाकडेच पाठव. त्या स्वीडिश बँडचं काम नीट ऐकलं तर गिटार आणि किक विषम लांबीच्या चक्रांत फिरत असतात, पण त्यांचा ड्रमर टोमास हाकेचा उजवा हात झांजेवर बहुतेक वेळा सरळ चार मोजत असतो, आणि स्नेअर ठरल्या जागी पडतो. लोक जी मान हलवतात ती त्या चारवर. एवढं जड, एवढं गणिती संगीत हजारो लोकांसमोर चालतं ते त्या एका सरळ हातामुळे.

तुम्हीही ते करून बघा. ड्रमरने हाय-हॅट आणि स्नेअरवर साधा चारचा ठेका धरायचा. तू गिटारवर सात अर्ध्या मात्रांचा तुमचा तोच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, लाव. आठ वेळा रिफ वाजला की छप्पन्न अर्ध्या मात्रा होतात, आणि चारच्या ठेक्याचे तेवढ्यात बरोबर सात बार होतात. छप्पन्नाव्यानंतर दोघं एकत्र समेवर. मध्ये रिफ सतत सरकत राहतो, प्रत्येक बारमध्ये वेगळ्या जागी सुरू होतो, पण पायाखालची जमीन हलत नाही. आज तुम्ही जे सेव्हन-एटमध्ये वाजवता त्यापेक्षा हे वाजवायला अवघड आहे आणि ऐकायला कितीतरी सोपं. ड्रमरला हे आवडेल, कारण यात त्याची कसोटी आहे. सरळ चार धरून कान सातवर ठेवणं हे सातच्या मागे सात वाजवण्यापेक्षा कठीण.

आणि त्या भागातून बाहेर पडायला तिहाई घ्या. चारच्या तालाचे तीन बार म्हणजे चोवीस अर्ध्या मात्रा. पहिल्या तीन रिकाम्या सोडा. मग सातचा तोच तुकडा चौघांनी एकत्र तीन वेळा वाजवा, सात त्रिक एकवीस. लगेच पुढचा आघात सम, आणि त्या समेवर तुझी ती साडेचार मिनिटांवरची सुंदर चाल सुरू कर. त्या सुरुवातीच्या तीन रिकाम्या अर्ध्या मात्रांवर तडजोड करू नका. लोक श्वास तिथेच धरतात.

ती चाल म्हणजे तुमच्या रचनेचं हृदय आहे हे पुन्हा सांगते, कारण तुमच्या चौघांच्याही ते लक्षात आलेलं दिसत नाही. सतारीवर मसीतखानी गत, म्हणजे विलंबित लयीतली ठरीव चाल, बाराव्या मात्रेपासून उठते आणि समेवर येते. वादक आलाप करो, तोडे घेवो, कुठेही जावो, बाराव्या मात्रेला तो गतीचा मुखडा हाती येतोच. तुमचा मुखडा ही चाल. ती पहिल्या मिनिटात यायला हवी, एकट्या गिटारवर, खाली जवळजवळ काहीही नसताना. मग पाचच्या भागानंतर पुन्हा, या वेळी बेसवर, वरच्या सप्तकात. मग तिहाईनंतर पूर्ण ताकदीने. ऐकणाऱ्याला तिसऱ्या वेळी ती आपली वाटते. पहिल्या वेळी ती फक्त छान असते.

रचनेत एकूण किती वेगवेगळे विचार आहेत ते मोजलं का तुम्ही? मी लिहून काढत गेले आणि कागद भरला. बहुतेक विचार एकदाच येतात. इथे ड्रमरला तबल्याचा कायदा दाखव. दिल्लीचा तो जुना कायदा, प्रत्येक विद्यार्थी ज्याने सुरुवात करतो : धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धी ना. एवढीच सामग्री. मग पलटे. नियम असा की कायद्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, बाहेरचा एकही नाही. धा धा ति ट, धा धा ति ट, धा धा तू ना. ति ट ति ट, धा धा ति ट. त्या दोन ओळींतून उत्तम वादक दहा मिनिटं बाहेर येत नाही, आणि तुम्ही तोंड उघडं ठेवून ऐकत राहता. तिथे अवघडपणा बाहेरून आणलेला नसतो, तो आतून फुटलेला असतो. तुमच्या पाचच्या भागातला रिफ घ्या आणि त्याचेच पलटे करा. उलटा वाजवा, अर्ध्या लयीत वाजवा, पहिले दोन स्वर गाळा, शेवटचे दोन तीनदा घ्या. नवा रिफ शोधायला बसू नका. नवाचा भाग तर मी पूर्ण काढून टाकेन. तो वाईट नाही, चांगला आहे, स्वतंत्र रचना होईल एवढा चांगला आहे. इथे त्याला जागा नाही.

एक गोष्ट संगीताची कमी आणि खोलीची जास्त. तुमची ती रचना १६० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला १६० मात्रांची, आहे. या लयीत एका मात्रेचे चार तुकडे केले की दोन आघातांत सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ उरतो. कॉलेजचा हॉल म्हणजे उघड्या भिंती, उंच छत, फरशी. आवाज तिथे दोन सेकंद घुमत राहिला तर कुठल्याही क्षणी वीसएक आघात एकमेकांवर सांडलेले असतात. तुम्ही जॅमरूममध्ये, कार्पेट आणि फोमच्या भिंतींत जे घासूनपुसून बसवलंत, ते हॉलमध्ये पोचलंच नाही. लोकांनी ते नाकारलं असं म्हणू नका, ते त्यांना ऐकूच आलं नाही. चार कॉर्डचा तुकडा संथ होता, स्वरांत अंतर होतं, म्हणून तो शेवटच्या रांगेपर्यंत जसाच्या तसा गेला. यापुढे साउंडचेकला तुमच्यापैकी एकाने वाद्य खाली ठेवून मागच्या भिंतीशी जाऊन उभं राहायचं. घुमणारा हॉल असेल तर द्रुत भागाची लय उतरवा आणि फिल निम्मे करा. कीबोर्डचा डावा हात आणि बेस एकाच सप्तकात घोटाळतात तेही तिथेच कळेल. तिने डावा हात सरळ काढला तरी चालेल. बेस आहे ना.

बेसवाल्याकडे वळते. 'सगळंच चार कॉर्डसारखं करू या' हे म्हणणं ड्रमरच्या हट्टापेक्षा मला जास्त काळजीचं वाटतं, कारण ते शहाणपणाचं वाटतं. त्या दिवशी तो तुकडा लोकांना आवडला त्याचं एक कारण तो अकरा मिनिटांच्या कोंडीनंतर आला हेही आहे. तसे सहा तुकडे लागोपाठ वाजवा, तिसऱ्यापर्यंत लोक गप्पा मारायला लागतील. साधी गोष्ट लांबवायला फार मेहनत लागते. फ्रेंच संगीतकार राव्हेलचा 'बोलेरो' ऐकायला सांग त्याला. १९२८ सालचा. स्नेअर ड्रमवर दोन बारचा एक नमुना, पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. चालीही दोनच, पंधरा मिनिटं आळीपाळीने त्याच. मूळ पट्टी सी मेजर, ती अगदी शेवटी क्षणभर ई मेजरला उडी मारते, आणि एवढ्या वेळाने आल्यामुळे ती उडी छातीत जाणवते. बाकी सगळी कलाकुसर वाद्यांच्या रंगात. आधी बासरी एकटी, मग क्लॅरिनेट, मग बासून हे फुंकवाद्य, असं करत अख्खा ऑर्केस्ट्रा. एका फेरीत हॉर्न चाल वाजवतो आणि दोन पिकोलो, म्हणजे छोट्या बासऱ्या, तीच चाल एकाच वेळी वेगळ्या पट्ट्यांत, एक ई मेजरमध्ये आणि दुसरी जी मेजरमध्ये. कागदावर बघितलं तर तीन पट्ट्या एकमेकींवर. कानाला मात्र ते एखादं नवंच वाद्य वाटतं, ऑर्गनसारखं. ही अवघड गोष्ट राव्हेलने इतकी लपवली आहे की बहुतेकांना ती कळत नाही, फक्त अंगावर काटा येतो.

तुमच्याकडे अख्खा ऑर्केस्ट्रा नाही, चौघंच आहात. पण चाल कुणी वाजवायची, कुठल्या सप्तकात, किती जणांनी मिळून, कधी कुणी पूर्ण थांबायचं, एवढं तरी हातात आहे. तो तुकडा पाच मिनिटांचा करा आणि प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बदला. फक्त एक. बेसवाल्यावरच ही जबाबदारी टाक. साधं करायचं म्हणतोस ना, मग हे बसव. आठवडाभर त्यात गेला की साधं म्हणजे कमी काम हा समज त्याचा तोच सोडेल.

ड्रमरशी बोलण्याबद्दल. 'दुसरा ड्रमर बघा' हे तो रागाने बोलला आहे, आणि राग समजण्यासारखा आहे. चार महिने त्याने नवाच्या भागातल्या त्या उलट्या हातांवर घालवले आणि लोक चहाला गेले. त्याला त्या दिवशी लाज वाटली असणार. तेव्हा 'लोकांना आवडत नाही' हा विषयच त्याच्यापुढे काढू नकोस. लोकांच्या नावाने वाद घातला की तो आणखी ताठ होईल. त्याला छप्पन्नचा हिशेब दे, तिहाई दे, खाली दे. हे सगळं त्याच्यासाठी आणखी अवघड काम आहे, आणि अवघड काम त्याला आवडतं. मोठ्या रचनेतला सातचा भाग त्याचाच ठेव, तिथे तुम्ही तिघांनी लेहरा धरा आणि त्याला पूर्ण मोकळं सोडा. आज तुम्ही तिघं त्याच्या आसपास इतकं वाजवताय की तो नेमकं काय करतोय ते कुणालाच ऐकू येत नाही. हे त्याला सांग. मला वाटतं, त्याचा निम्मा राग इथेच आहे.

आणि कीबोर्डवालीला विचारा. ती गप्प आहे असं तू एका वाक्यात उरकलंस. तो ई चारही कॉर्डवर धरून ठेवायचं जिला सुचलं, तिला तुमच्या वादाचं उत्तर बोटांत ठाऊक आहे. तिला मोठी रचना तिच्या पद्धतीने एकदा छाटू दे. तुम्ही तिघांनी त्या रिहर्सलला काहीही न बोलता ती सांगेल तसं वाजवायचं.

पुढच्या रिहर्सलला वाद्यं हातात घेण्यापूर्वी एक करा. गोल बसा आणि मोठी रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत चौघांनी तोंडाने गा. ड्रमरने बोल म्हणावेत, बाकीच्यांनी सूर धरावा. जिथे चौघांपैकी कुणालाच गाण्यासारखं काही सापडत नाही त्या जागांवर पेन्सिलने खूण करा. त्या जागा आधी कापा. मग चालीच्या तीन फेऱ्या घाला, मग लय ठरवा, आणि नवाचा भाग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सात-आठ मिनिटांत बसेल. बसली की कार्यक्रमात तिला चार कॉर्डच्या तुकड्यानंतर ठेवा, आधी नको. लोक तोपर्यंत तुमच्या आवाजाला सरावलेले असतील. नवं रेकॉर्डिंग झालं की मला पाठव, आणि या वेळी ते हॉलच्या मागच्या भिंतीशी मोबाइल ठेवून केलेलं असू दे.

— ताई